गाडी पुन्हा त्याच गॅरेजला टाकावी का?

सर्व्हिसिंग करून आणलेली मोटारसायकल दुसऱ्या दिवशी सकाळी काढावी आणि ती उभी होती तिथे ऑइलचा ताजा डाग दिसावा, किंवा मागचा ब्रेक दाबताना पाय नेहमीपेक्षा खोल जावा. अशा वेळी दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न फार अवघड नसतो, दुरुस्ती होतेच. अवघड प्रश्न पुढचा असतो. ज्याच्या हातून हे झालं, त्याच्याच हाती गाडी पुन्हा द्यायची का? ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. निळजे-पलावाहून डोंबिवली स्टेशन गाठणारे, खडकपाड्याहून येऊन कल्याण स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लावून लोकल पकडणारे, कल्याण-शीळ रस्त्याने महापे-ऐरोलीला कामावर जाणारे, घोडबंदर रोडवर दिवसभर पार्सलं पोचवणारे, या सगळ्यांचा दिवस एका दुचाकीवर अवलंबून असतो. गाडी चार दिवस बंद पडली तर रिक्षाला पैसे जातात, ठरलेली लोकल चुकते, आणि पार्सलवाल्याची तर कमाईच थांबते. अशा माणसाला मेकॅनिक बदलणं सोपं नसतं, आणि नको त्या माणसाला चिकटून राहणं त्याहून महागात पडतं. म्हणून हा निर्णय रागाच्या भरात किंवा भिडेपोटी न घेता, समोर काही पुरावा ठेवून घ्यावा. माझं म्हणणं असं आहे की, चूक झाली एवढ्यावरून मेकॅनिकबद्दल फार थोडं कळतं. ती कोणत्या जातीची होती, आणि त्याच्यासमोर ठेवल्यावर त्याने काय केलं, यावरून मात्र बरंच काही कळतं.

सगळ्यात आधी, नुकसान किती झालं यावरून माणूस जोखायचं सोडा. मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट कच्चा राहिला, तर कदाचित गल्लीतच आवाज येईल आणि तुम्ही मागे फिराल. कदाचित तोच नट मुंब्रा बायपासवर, बाजूने ट्रेलर जात असताना दगा देईल. मेकॅनिकने केलेलं काम दोन्ही वेळा अगदी सारखंच असतं. फरक असतो तो नशिबाचा. तरी पहिल्या वेळी आपण ‘होतं असं कधीतरी’ म्हणून सोडून देतो आणि दुसऱ्या वेळी जन्मात त्याचं तोंड पाहत नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली नेमकं हेच प्रयोगांतून दाखवलं. तोच निर्णय, तीच माहिती, पण शेवट वाईट झाला असं सांगितलं की लोक निर्णय घेणाऱ्याला कमी लायक ठरवतात. ही खोड दोन्ही बाजूंनी फसवते. थोडक्यात निभावलेली गंभीर चूक आपण पोटात घालतो, आणि एका किरकोळ चुकीतून योगायोगाने मोठा खर्च निघाला की चांगला माणूस गमावून बसतो. आपल्या भागात पहिला धोका जास्त आहे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांमुळे दुचाकीवरच्या माणसांचे जीव गेले होते. नीट कसलेली गाडीसुद्धा जिथे हाताबाहेर जाते, तिथे ‘नट जरासा ढिला होता, बाकी काही नाही’ हे उत्तर चालणार नाही. काय झालं यापेक्षा काय होऊ शकलं असतं, हे आधी विचारा.

पण मग चूक करणारा प्रत्येक मेकॅनिक बेफिकीर समजायचा का? इथे उघडलेली वस्तू पुन्हा जोडण्याच्या कामाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. माणसांच्या चुकांचा आयुष्यभर अभ्यास केलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन एक साधं उदाहरण देत. एका बोल्टवर ठरलेल्या क्रमाने आठ नट बसवले आहेत. ते काढायची रीत एकच, एकामागून एक. पुन्हा चढवताना मात्र त्यांचे ४०,३२० क्रम होऊ शकतात आणि त्यातला बरोबर एकच. म्हणजे खोलताना वस्तूच वाट दाखवते. जोडताना सगळा भार स्मरणावर आणि शिस्तीवर येतो. म्हणूनच सर्व्हिसिंगनंतरच्या बहुतेक तक्रारी राहिलेल्या, उलट्या बसलेल्या किंवा अर्धवट कसलेल्या वस्तूंच्या असतात. विमानांच्या देखभालीत, जिथे प्रत्येक बोल्टची नोंद ठेवतात, तिथेही हे घडलं आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेतच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं म्हणून तो वाचला. चौकशीत कळलं की आदल्या दिवशीच ती काच बदलली होती आणि ९० पैकी ८४ बोल्ट ठरल्यापेक्षा बारीक होते. बोल्ट निवडणारा माणूस नवशिका नव्हता, अनुभवी पर्यवेक्षक होता. त्याने जुन्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेने जुळवले होते, आणि त्याचं काम तपासायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये याहून वेगळं काय असतं? तिथेही बोल्ट नजरेनेच जुळवतात आणि तपासणारा दुसरा क्वचितच असतो. तेव्हा अनुभवी, मन लावून काम करणाऱ्याच्या हातूनही चूक होईल, हे धरूनच चालावं लागतं.

आपल्याकडची पद्धत त्यात भर घालते, आणि तिच्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. सकाळी लोकलच्या घाईत गाडी गॅरेजपुढे टाकायची, चावी पोऱ्याच्या हातात द्यायची, ‘जरा बघून घे’ एवढंच सांगायचं आणि पळायचं. रात्री नऊला परत यायचं तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं असतं. अंधारात, बल्बच्या पिवळ्या उजेडात पैसे द्यायचे आणि घर गाठायचं. रविवारी, पावसाळ्याच्या तोंडावर आणि गणपतीत कोकणात जाण्याआधी याच जागेत दुप्पट गाड्या असतात. उस्ताद एक, हाताखाली दोन शिकाऊ मुलं, नट अर्धा कसलेला असताना फोन येतो, दुसरा कुणी येऊन ‘माझी झाली का?’ विचारतो, आणि हातातलं काम तिथेच राहतं. हे सांगून मी मेकॅनिकला सूट देत नाही. ज्याने मजुरी घेतली त्याची जबाबदारी संपत नाही. पण चूक नेमकी कुठून आली हे कळल्याशिवाय ती पुन्हा होईल का, हे ठरवता येत नाही, आणि विश्वासाचा खरा प्रश्न पुन्हा होण्याचाच आहे.

चुका तीन जातींच्या असतात: विसरण्याची, न येण्याची आणि लपवण्याची. विसरण्याची चूक जवळून पाहायची तर मागच्या ड्रम ब्रेकपाशी वाकून पाहा. ब्रेक प्लेटला एक लोखंडी रॉड किंवा पट्टी जोडलेली असते, तिचं दुसरं टोक स्विंगआर्मला असतं. तिला टॉर्क आर्म म्हणतात. ब्रेक लागला की चाकाबरोबर प्लेटही फिरू पाहते. तिला फिरू न देणं एवढंच या पट्टीचं काम. तिच्या बोल्टमधून स्प्लिट पिन आरपार घालून टोकं वाकवलेली असतात. ब्रेक शू बदलायला मागचं चाक बाहेर काढलं की हा नट खोलावा लागतो. परत बसवताना तो हातानेच फिरवून ठेवला आणि पिन राहून गेली, तर काही दिवस काहीही जाणवत नाही. ब्रेक लागतो, गाडी पळते. मग नट हळूहळू उतरत जाऊन पडतो, आणि एखाद्या जोराच्या ब्रेकला प्लेटच फिरते, ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. एवढी छोटी पिन आणि एवढा मोठा परिणाम. तरीही ही ज्ञानाची उणीव नाही. त्या माणसाने ती पिन शेकडो वेळा घातलेली असते. विसरण्यावर इलाज पद्धतीचा असतो. कसलेल्या नटावर रंगाचा ठिपका मारायचा, काढलेल्या पिना आणि वायसर एका वाटीत ठेवायचे, वाटी रिकामी झाल्याशिवाय गाडी स्टँडवरून उतरवायची नाही.

न येण्याची चूक वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधी, १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. कान लावून कार्बोरेटर ट्यून करणारे, टॅपेटच्या आवाजावरून दोष सांगणारे हात कितीही बसलेले असले, तरी सेन्सरचा बिघाड कानाला ऐकू येत नाही. त्याला स्कॅनर लागतो. ऑइलचंही तसंच. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं ऑइल लागतं. घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू लागतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. डिस्क ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं कोरलेलं असतं. तिथे भलतंच तेल गेलं तर आतली रबरी सीलं फुगून खराब होतात. ‘सगळी ऑइलं सारखीच’ असं कुणी म्हणाला, तर त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेऊ नका, पण त्याच्या माहितीवर जरूर घ्या. हा माणूस जुन्या गाडीसाठी उत्तम आणि नव्या गाडीसाठी अपुरा असू शकतो. ‘हे माझ्याकडे नको, स्कॅनर असलेल्याकडे न्या’ असं जो स्वतःहून सांगतो, त्याच्यावरचा माझा विश्वास वाढतो.

तिसरी जात खरी घातक. इंजिनच्या तळाला ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट असतो. बोल्ट पोलादी, तो ज्यात बसतो तो भाग ॲल्युमिनियमचा. गरजेपेक्षा जास्त जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. हे चांगल्या मेकॅनिकच्या हातूनही होतं. कधीकधी तर आधीच्या कुणीतरी कसून ठेवलेल्या बोल्टमुळे होतं. आता दोन वाटा असतात. एकजण फोन करतो, ‘साहेब, आटे गेलेत, लेथवाल्याकडून बुश बसवून घ्यावा लागेल, गाडी उद्या देतो.’ दुसरा बोल्टला टेफलॉनची टेप गुंडाळतो किंवा वरून एम-सील थापतो, पुसून चकाचक करतो आणि रात्री गाडी हाती देतो. पहिल्याने तुमचा एक दिवस घेतला. दुसऱ्याने तुमचं इंजिन पणाला लावलं आणि तुम्हाला न विचारता लावलं. दुरुस्तीच्या धंद्यात हा मोह मोठा असतो, कारण गिऱ्हाइकाला आत काय केलं ते नंतरही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांवर लिहिलं, तेव्हा मोटार दुरुस्तीचंच उदाहरण घेतलं होतं. घेतल्यानंतरही ज्या सेवेचा दर्जा गिऱ्हाइकाला पारखता येत नाही, तिथे फसवणुकीला जागा राहते. म्हणून बदललेले जुने पार्ट परत मागा, नव्या पार्टचं किंमत छापलेलं पाकीट मागा. यात अपमान काही नाही. ब्रेक शूचा जुना जोड हातात घेतला की लायनर किती झिजला होता, हे कुणालाही दिसतं. लपवलेली चूक एकदा सापडली, तर मी दुसरी संधी देणार नाही, मग ती कितीही लहान असो. लपवणाऱ्याने याआधी काय लपवलं होतं, हे शोधायचा मार्ग आपल्याकडे नसतो.

ही जात ओळखायची संधी तुम्ही तक्रार घेऊन जाता त्या पहिल्या भेटीतच मिळते, आणि ती वाया घालवू नका. ब्रेक, चाक, हँडल यांत काही वाटलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवत नेऊ नका. त्याला बोलवा किंवा गाडी टेम्पोतून न्या. बाकीच्या वेळी त्याच दिवशी जा. डाग पुसण्याआधी फोटो काढा, त्यात किलोमीटरचा आकडा येऊ द्या. वाटेत दुसऱ्या मेकॅनिककडून काहीही उघडू नका, कारण मग कुणाचा हात कुठे लागला हे कधीच ठरत नाही. आणि ‘तू वायसर विसरलास’ असा निकाल देऊ नका; जे दिसतं तेवढंच सांगा. ‘दादा, काल रात्री गाडी नेली, सकाळी इंजिनखाली एवढं ऑइल होतं.’ मग गप्प राहून पाहा. चांगला मेकॅनिक आधी गाडीकडे जातो, उकिडवा बसतो, बोट लावून पाहतो, हे काम कुणी केलं ते विचारतो. एवढंच नव्हे, त्याच वेळी उघडलेल्या बाकीच्या जागाही तो तपासतो. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी खूण आहे. वाईट मेकॅनिक गाडीकडे न पाहताच बोलू लागतो: काल तर बरोबर होती, तुम्ही खड्ड्यात आपटली असेल, सगळ्याच गाड्यांचं असं होतं. बाई तक्रार घेऊन आली तर ‘ताई, घरातल्या कुणाला तरी पाठवा’ म्हणणाराही यांच्यातलाच. गाडीचं दुखणं रोज चालवणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं, आणि त्याचं ऐकून न घेणारा माणूस चालक पुरुष असो वा बाई, निदान चुकवणारच.

मात्र नाही म्हणणारा प्रत्येक मेकॅनिक खोटा नसतो. सर्व्हिसिंगनंतर झालं म्हणून ते सर्व्हिसिंगमुळे झालं, असं होत नाही. तीन-चार वर्षांची बॅटरी सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी बसली, तर तो बहुधा तिच्या वयाचा दोष आहे. फरक असा की प्रामाणिक माणूस नुसतं नाही म्हणत नाही, दाखवतो. मीटर लावून व्होल्टेज दाखवतो, बॅटरीवर छापलेला महिना दाखवतो. दाखवून नकार देणाऱ्यावर विश्वास ठेवा. उलट न पाहताच चटकन माफी मागून ‘ठेवून जा, करून देतो’ म्हणणाऱ्यावर लगेच भाळू नका. माफी आणि फुकट काम यांनी गिऱ्हाईक सुखावतं, हे खरं. पण २००७ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की, चूक चांगली निस्तरल्यावर समाधान वाढतं, मात्र पुन्हा त्याच्याचकडे जाण्याचा इरादा तसा वाढत नाही. गिऱ्हाइकांची ही सहजबुद्धी मला बरोबर वाटते. माफी ऐकल्यावर एवढंच विचारा: ‘पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काय करणार?’ उत्तरात एखादी ठोस गोष्ट असेल, जसं की चाक उघडलं तर नट मी स्वतः कसेन, पोऱ्याने कसलेल्यावर खूण करेन, तर त्या उत्तराला किंमत आहे. ‘आता नाही होणार’ हे उत्तर नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की रांगेने दहा गॅरेजं असताना एवढी उलाढाल कशाला, सरळ दुसरीकडे जावं. यात एक गृहीत दडलेलं असतं, की दुसरा चुकत नाही. खरं तर त्याच्या चुका आपल्याला माहीत नाहीत, इतकंच. ज्याने चार वर्षं गाडी नीट ठेवली आणि एकदा विसरला, त्याचा हिशेब तुमच्याकडे आहे. नव्याचा हिशेब कोरा आहे. शिवाय तुमच्या गाडीची कोणती वस्तू कधी बदलली, हे जुन्याच्या डोक्यात असतं. दुसरा आक्षेप कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. वॉरंटी चालू असेल तर तिथेच जावं, त्यात वाद नको. तिथे स्कॅनर असतो, नट किती जोराने कसायचा ते मोजणारा टॉर्क रेंच असतो, संगणकावर नोंद असते. पण तिथे काउंटरवरच्या माणसाशी तुमचं बोलणं होतं, हात लावणारा माणूस तुम्हाला दिसतच नाही, आणि पुढच्या वेळी तोच असेल याची खात्री नसते. तिथली व्यवस्था तुमच्या कामी येते, इथला ओळखीचा हात कामी येतो. कोणत्या कामाला काय हवं हे पाहून ठरवा. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: ब्रेकच्या बाबतीत दुसरी संधी म्हणजे जिवाशी खेळ. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. म्हणूनच विश्वास अख्खाच्या अख्खा ठेवायचा किंवा अख्खाच काढून घ्यायचा, असं करू नये. ऑइल बदलणं, केबलला तेल देणं, प्लग साफ करणं, ही कामं चूक कबूल करणाऱ्या माणसाकडे लगेच द्या. ब्रेक, चाक, हँडल यांची कामं मात्र पुढच्या काही वेळा समोर उभं राहून करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर ते काम त्या दिवशी देऊ नका. आणि याच तीन ठिकाणी तो दुसऱ्यांदा चुकला, तर स्वभावाने कितीही चांगला असला तरी गाडी तिथे टाकू नका.

दुसरी संधी दिली म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. गाडी शक्यतो उजेडात ताब्यात घ्या. रात्रीच न्यायची असेल तर मोबाइलची बॅटरी लावा. ड्रेन बोल्टभोवती बोट फिरवून कोरडं आहे का पाहा. गाडी सरळ उभी करून ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. कमी जितकं वाईट तितकंच जास्तही वाईट. चेन हाताने वर-खाली करून पाहा, ती किती हलावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर चालतं, फार ताठ चेनही बेअरिंग खाते. चेनच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का पाहा, नाहीतर मागचं चाक तिरकं बसलेलं असतं. स्प्लिट पिन शोधा. गाडी जागेवर उभी असतानाच दोन्ही ब्रेक दाबा, मग गॅरेजसमोरच सावकाश चालवून पुन्हा दाबा. डिस्कचा लिव्हर हँडलला टेकत असेल तर तिथून हलू नका. हे सगळं पाच-सात मिनिटांचं काम आहे. तुम्ही दर वेळी पाहता हे एकदा कळलं, की उस्तादही गाडी देण्याआधी पाहू लागतो.

इथे आपली भीड आड येते. ओळखीचा माणूस, वडिलांच्या स्कूटरपासूनचा संबंध, खंडेनवमीला पान्ह्यांना हळदकुंकू वाहणारा कारागीर; त्याच्यासमोर वाकून नट तपासायचे कसे? मला वाटतं, तपासणं हाच त्याच्या कामाचा मान आहे. ज्याने नीट कसलं आहे त्याला कुणी पाहिल्याचा राग येत नाही. भिडेचा दुसरा तोटा असा की चूक दिसूनही आपण सांगत नाही, गुपचूप दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतो, आणि ज्याला ती सुधारता आली असती त्याला कळतही नाही. बिल मागायलाही अनेकांना अवघड वाटतं. छापील नसलं तर साध्या कागदावर चालेल: तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणते पार्ट टाकले, मजुरी किती, खाली सही. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचीही नोंद राहते.

कारण प्रकरण वाकडं गेलं तर हाच कागद कामी येतो. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे आणि तिच्यातली उणीव ही तक्रारीची बाब आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे डोंबिवलीकराला ठाणे जिल्ह्याचाच आयोग चालतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ नुसार ताब्यात घेतलेल्या वस्तूची शहाण्या माणसाइतकी काळजी घेणं गॅरेजवाल्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याचं कलम १७० त्याचीही बाजू सांभाळतं: ठरलेलं काम केलं असेल तर रास्त मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून वाद असला तरी झालेल्या कामाचे पैसे बुडवून गाडी उचलून आणू नका. पैसे द्या, वाद आहे असं बिलावर लिहा, मग तक्रार करा. तरीही शे-दोनशे रुपयांच्या वायसरसाठी आयोगात जाण्यापेक्षा समोरासमोरची बोलणी बरी. मोठं नुकसान, जखम किंवा उघड फसवणूक असेल, तर मात्र मागे हटू नका.

आणि अखेर तिथून उठायचंच ठरवलंत, तर गुपचूप जाऊ नका. बहुतेक जण पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागतात आणि गॅरेजवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक बदलापूरला राहायला गेलं असेल. एकदा थांबा, आवाज न चढवता सांगा: पिन राहिली होती, दोनदा राहिली, म्हणून गाडी आता इथे आणणार नाही. त्याला ते आवडणार नाही, तुम्हालाही सांगायला जड जाईल. पण त्याच दिवशी त्याच स्टँडवर दुसऱ्या कुणाचं तरी मागचं चाक उघडं पडलेलं असतं, आणि उद्या सकाळी ती गाडी पत्रीपुलावरून जाणार असते. निदान त्या माणसासाठी तरी कारण सांगून जा.